सातबाऱ्यावरचे जंगल

उपग्रहाने टिपलेल्या नकाशात रत्नागिरी जिल्हा हिरवागार दिसतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार जिल्ह्याच्या ८,२०८ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी साधारण निम्म्या भागावर वनाच्छादन आहे. वनखात्याच्या ताब्यात मात्र यातला अगदी थोडा हिस्सा, टक्क्या-दोन टक्क्यांत मावेल एवढाच. उरलेले सगळे लोकांच्या मालकीचे. सातबाऱ्यावर शेतकऱ्यांची नावे आहेत, त्यांच्या भाऊबंदांची आहेत, कुठे देवस्थानाचे आहे. विदर्भात किंवा उत्तर कन्नड जिल्ह्यात जंगल म्हटले की सरकार आठवते. संगमेश्वर, लांजा, राजापूर, चिपळूण या तालुक्यांत जंगल म्हटले की चुलते, पुतणे आणि मुंबईला असलेला धाकटा भाऊ आठवतो.

या हिरव्या रंगाचीही एक मेख आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर सर्वेक्षणात ती जमीन वनाच्छादन म्हणून मोजली जाते. मालकी कोणाची, झाडे कोणती, हे त्यात पाहत नाहीत. त्यामुळे हापूसच्या कलमांची बाग आणि काजूचा मळा हेही त्या हिरव्यात जमा होतात. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या कितीतरी टेकड्यांवरचे रान साफ होऊन तिथे कलमे उभी राहिली. त्या बागांनी घरे उभी केली, मुले शिकवली, त्याबद्दल कोणाचा आक्षेप असू नये. पण नकाशावर हिरवे तेच राहिले आणि जमिनीवरचे जंगल गेले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येत नाही.

मुळात इथे एवढे खासगी जंगल आले कुठून? याचे उत्तर शेतीत आहे. कोकणी शेतकऱ्याची भातखाचरे खाली आणि वरच्या उतारावर वरकस जमीन. वरकसात दोन-चार वर्षे नाचणी, वरी घ्यायची आणि मग ती काही वर्षे पड ठेवायची, ही जुनी रीत. भाताचा तरवा करायला भाजणी लागे. आईन-किंजळाची कवळे उतरवायची, वाळली की शेण, पालापाचोळा आणि माती यांच्या थरांखाली घालून पाऊस यायच्या आत भाजायची. एका खाचराच्या भाजणीला कितीतरी झाडांची कवळे लागत. म्हणून झाडाच्या फांद्या उतरत, पण बुंध्याला कोणी हात लावत नसे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडाकडे जायचे असे. पुढे रासायनिक खत आले, घरातले कर्ते पुरुष गिरण्यांत आणि मग कारखान्यांत गेले, डोंगरावर नाचणी करायला हात उरले नाहीत. कसणे थांबलेली वरकस जमीन हळूहळू रानाने परत घेतली. आज ज्याला आपण जंगल म्हणतो, त्यातले बरेचसे असे आपोआप परतलेले आहे. माणसाने लावलेले नाही, फक्त काही दशके त्याच्या वाटेतून बाजूला होऊन वाढू दिलेले आहे. उष्ण कटिबंधातल्या या मातीची आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पावसाची ताकद किती, ते यातून कळते.

तेच जंगल आता लाकूड म्हणून विकले जाते. व्यवहार साधा असतो. व्यापारी डोंगर बघून जातो आणि उक्ता भाव सांगतो: अमुक गटातली सगळी झाडे, इतके रुपये. मालकाला एकेका झाडाचा हिशेब मिळत नाही. लेकीचे लग्न, दवाखाना, पावसाने बसलेले घर अशी गरज बहुधा आधीच दारात उभी असते. महिनाभर यांत्रिक करवती चालतात, उतारावर ट्रकापुरता रस्ता खणला जातो आणि लाकूड वीटभट्ट्या, कारखान्यांचे बॉयलर, कोळसा यांच्याकडे जाते. खैर असेल तर कातभट्टीकडे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ सालचा. त्याच्या अनुसूचीत हिरडा, आईन, किंजळ, खैर, जांभूळ, आंबा, फणस अशी झाडे आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. परवानगी रीतसर घेतली की डोंगर रीतसर उघडा होतो. हा कायदा तोडीवर नियंत्रण ठेवतो. झाड उभे ठेवणाऱ्याला काय मिळावे, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

माझ्या मते रत्नागिरीच्या जंगलाचा सगळा प्रश्न इथे आहे. उभ्या झाडाला भाव नाही आणि आडव्या झाडाला आहे. ज्या कुटुंबाकडे दहा एकर डोंगर आहे आणि महिन्याला रोख उत्पन्न नाही, त्याला निसर्गाचे महत्त्व सांगून आपण फार काही साधत नाही. महत्त्व त्याला ठाऊक असते. त्याच्या विहिरीचे पाणी त्या डोंगरातून येते.

तोड झाल्यावर पुढे काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. आईन, किंजळ यांसारख्या झाडांचे खुंट जिवंत असतात. पहिल्या पावसात त्यांना पाच-सात धुमारे फुटतात आणि दहा-पंधरा वर्षांत डोंगर पुन्हा झाकला जातो. लांबून पाहणाऱ्याला जंगल परतलेले दिसते. मग व्यापारीही परततो. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की जंगलाची घडण बदलते. फुटव्यावर जगणारी झाडे तेवढी टिकतात. ज्यांना रुजायला सावली आणि ओल लागते, ज्यांचे बी मोठे आणि जड असते, ज्यांचा प्रसार धनेश किंवा उदमांजर करतात, ती झाडे मागे पडतात, कारण फळ देण्याइतकी मोठी होण्याआधीच त्यांच्यावर करवत चालते. मोठे झाड नाही म्हणून ढोली नाही, ढोली नाही म्हणून धनेश नाही, आणि धनेश नाही म्हणून बी नव्या जागी पडत नाही.

हे बी अजून कुठे शिल्लक आहे, तर देवराईत. रत्नागिरीत गाव तिथे ग्रामदेवता आणि ग्रामदेवता तिथे बहुधा राई. वाघजाई, झोलाई, पावणाई, केदारलिंग अशी दैवते आणि त्यांच्या नावाने राखलेले काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंतचे रान. महाराष्ट्रात अशा अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे आणि कोकणाचा त्यातला वाटा मोठा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. त्याच काळात श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी, आपली राई तोडली जाणार असे कळताच, ती वाचवायला या अभ्यासकांची मदत मागितली होती. राई गेली तर ओढ्याचे पाणी जाईल, अशी त्यांची धास्ती होती. राई वाचली. श्रद्धा आणि पाणी या दोन गोष्टी गावाच्या मनात वेगळ्या नव्हत्या, हे त्यातून दिसते.

देवराईची व्यवस्था ही खरोखर एक व्यवस्था होती. कोणते लाकूड घ्यायचे, कशासाठी, कोणाच्या परवानगीने, हे ठरलेले असे. वाळलेली फांदी शिमग्याच्या होळीला चालेल, घरच्या चुलीला नाही. झाड तोडायचेच तर मानकरी जमणार, गुरव देवाला कौल लावणार, गाऱ्हाणे घालणार, आणि त्यानंतरच कुऱ्हाड. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरच्या कामासाठी: सामाईक जंगल, पाणी, कुरणे लोक स्वतःच नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. मात्र त्यासाठी हद्द स्पष्ट लागते, नियम स्थानिक लागतात, आणि मोडणाऱ्याला जाब विचारणारे लोक गावातच असावे लागतात. पालखीच्या सहाणेवर बसणाऱ्या गावकीने हे सगळे कोणत्याही सिद्धान्ताशिवाय केले होते.

आज देवराईला धोका बाहेरच्या व्यापाऱ्याइतकाच आतूनही आहे, हे सांगितले पाहिजे. कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे देऊळ, पुढे सभामंडप, त्यापुढे गाड्या लावायला जागा. यासाठी पैसा उभा करायचा तर राईतलीच मोठी झाडे विकली जातात, किंवा बांधकामासाठी जागा मोकळी केली जाते. भक्ती वाढते आहे आणि राई आक्रसते आहे. बऱ्याच ठिकाणी राईच्या जमिनीची मालकीही गोंधळाची आहे. गाव तिला आपली मानते आणि सातबारा वेगळेच सांगतो.

या सगळ्यातून वाट काढायचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न संगमेश्वर तालुक्यात झाला. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने, डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या पुढाकाराने, १९९०च्या दशकात इथल्या देवरायांपासून काम सुरू केले. आधी गावकीशी बोलणी, राईतल्या झाडांची नोंद, मग राईतच मिळणाऱ्या बियांची रोपे करून मोकळ्या झालेल्या जागी लावणे. पुढे त्यांना दिसले की नुसत्या देवराया राखून भागणार नाही, कारण राईच्या भोवतीचे खासगी रान गेले तर राई एकटी पडते. म्हणून त्यांनी जमीनमालकांशी संवर्धन करार सुरू केले. मालकाने ठरावीक वर्षे डोंगर तोडायचा नाही आणि त्या बदल्यात त्याला किंवा गावाला काही ठोस मिळायचे. जमीन त्याचीच राहते. बदलतो तो फक्त तोडीचा हिशेब.

आणि मग बेहडा आला. बेहडा म्हणजे त्रिफळ्यातला एक तृतीयांश भाग, पण गावात या झाडाला मान नाही. बेहड्यावर भुते असतात अशी समजूत, लाकूड इमारतीला फारसे घेत नाहीत, त्यामुळे सौद्यात ते जळणाच्या भावात जायचे. धनेशाला मात्र हेच झाड लागते. महाधनेश हा आपल्याकडच्या धनेशांतला सर्वांत मोठा पक्षी. त्याची मादी वर्षाच्या सुरुवातीला जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि तीन-चार महिने नराने आणलेल्या फळांवर स्वतः जगते, पिल्लू जगवते. तेवढी ढोली व्हायला प्रचंड घेराचे झाड हवे. संगमेश्वरच्या रानात अशी झाडे म्हणजे बहुतेक करून जुने बेहडे. जळणाच्या भावात विकलेला एक बेहडा म्हणजे धनेशाच्या जोडीचे गेलेले घर.

बेहड्याची फळे हिवाळ्यात गळतात. करडी, मखमली सालीची, सुपारीएवढी. एरवी ती झाडाखालीच कुजायची किंवा भेकरे खायची. ती गोळा करून खळ्यात पसरायची, उन्हात खडखडीत वाळवायची, बुरशी आलेले फळ बाजूला काढायचे, फोडून बी वेगळे करायचे आणि वरची साल पोत्यात भरायची, असे काम गावात उभे राहिले. फळ गळलेलेच घ्यायचे, फांदी तोडायची नाही, काही फळे झाडाखाली रुजायला आणि जनावरांना ठेवायची, कोणी किती गोळा केले त्याची नोंद ठेवायची. हे नियम फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकाचे आहेत. रानातून गोळा केलेली वनस्पती निसर्ग न ओरबाडता आणि गोळा करणाऱ्याला वाजवी मोबदला देऊन आली आहे, याची हमी हे मानक देते. २०१०च्या दशकाच्या मध्यात या भागातल्या बेहड्याला आणि भीमाशंकरच्या परिसरातल्या महादेव कोळी समाजाने गोळा केलेल्या हिरड्याला ते प्रमाणपत्र मिळाले आणि पुक्का या ब्रिटिश वनौषधी कंपनीने माल घेतला. ज्या झाडाला एकदाच, तेही जळणाचे पैसे मिळत होते, त्याला दरवर्षी पैसे मिळू लागले. त्रिफळा तर आपल्याकडे घरोघरी खातात. पण त्यातला बेहडा कुठून आला, कोणी वेचला, त्याला किती मिळाले, असे विचारणारे गिऱ्हाईक आधी इंग्लंडात मिळाले, याची मला खंत वाटते.

संगमेश्वर तालुक्यातल्याच देवरूखची सह्याद्री संकल्प सोसायटी धनेशाच्या बाजूने याच प्रश्नाला भिडली आहे. गावागावांतली धनेशाची घरटी शोधणे, ज्यांच्या जमिनीत ते झाड आहे त्यांना सोबत घेणे, धनेश खातो त्या झाडांच्या बिया जमवून रोपे करणे असे हे काम. आपल्या परड्यातल्या झाडावर महाधनेश वाढतो आहे, हे कळल्यावर मालकाची त्या झाडाकडे पाहण्याची नजर बदलते. पैसा नसला तरी अभिमान हाही माणसाला झाड राखायला लावतो. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या समुद्री कासवांच्या बाबतीत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे आधीच दाखवून दिले होते. २००२ पासून गावातल्याच तरुणांच्या हाती घरट्यांची राखण दिली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पुढे पाहुण्यांच्या निमित्ताने गावातल्या घरांना उत्पन्नही मिळू लागले.

जंगल परत आणायचे म्हणजे खड्डे खणून रोपे लावायची, हा समज आता मागे टाकायला हवा. रत्नागिरीत बहुतेक ठिकाणी मुळे जमिनीत जिवंत आहेत. खुंटाला आलेल्या सात धुमाऱ्यांपैकी जोमदार एक-दोन ठेवायचे आणि बाकीचे छाटायचे. छाटलेले जळणाला होते आणि ठेवलेला धुमारा लवकर बुंधा धरतो. फाल्गुन-चैत्रात सड्यावरच्या वाळल्या गवताला लागणारा वणवा अडवायचा. त्यासाठी त्याआधीच हद्दीवर जाळरेषा काढायच्या. यात शेतकऱ्याचा सरळ फायदा आहे, कारण तोच वणवा खाली उतरून काजू-आंब्याची बाग खातो. पहिली काही वर्षे गुरे बाहेर ठेवायची. एवढ्यावर उतार भरून येतो. रोपे लावायची ती जी परतत नाहीत त्यांची, आणि तिथे घाई करावी लागते. जांभळासारख्या अनेक ओलसर रानातल्या झाडांचे बी वाळले की मेले. ते साठवता येत नाही, गोळा केले की दोन-चार दिवसांत पेरावे लागते. हिरड्या-बेहड्याचे कठीण कवच मात्र रुजायला वेळ घेते. हे ज्ञान गावातल्या म्हाताऱ्यांकडे आहे आणि त्यांच्यासोबत चालले आहे.

आणखी एक. सडा हा ओसाड नाही. जांभ्याच्या त्या कातळावर पावसाळ्यात फुलणाऱ्या चिमुकल्या वनस्पती दुसरीकडे सहसा उगवत नाहीत. पावसाचे पाणी तिथूनच मुरून खालच्या झऱ्यांना येते. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली कातळशिल्पेही याच सड्यांवर आहेत. तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून हिरवे केल्याचे समाधान मिळते, पण त्यात जंगल वाढत नाही आणि सडा मात्र जातो. उताराला झाड आणि सड्याला मोकळे आभाळ हवे.

सरकारी योजना इथे का तोकड्या पडतात, तेही कळते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि साऱ्या देशाला दिशा मिळाली. नेपाळमध्ये १९९३च्या कायद्यानंतर हजारो गावगटांनी डोंगर पुन्हा झाडांनी भरले. पण ही दोन्ही उदाहरणे सरकारी जंगलाची आहेत. रत्नागिरीला जवळचे उदाहरण कोस्टारिकाचे आहे. तिथेही खासगी जंगल मोठ्या प्रमाणात तोडले गेले होते. १९९६ साली त्या देशाने कायदा केला की जंगल उभे ठेवणाऱ्या मालकाला पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य राखल्याबद्दल पैसे द्यायचे. त्यासाठीचा पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून आला. आपल्याकडे संगमेश्वरचा डोंगर राखणारा शेतकरी खालच्या गावाच्या नळाला पाणी देतो, नदीत गाळ जाऊ देत नाही, आणि त्याला एक रुपयाही मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. त्याला कारणे अनेक होती. पण वरचे उतार उघडे पडले की नदीत गाळ येतो आणि तिचे पात्र उथळ होते, यावर वाद होऊ शकत नाही. खालच्या शहराने वरच्या डोंगराला पैसे देणे हे दान नव्हे, पाणीपट्टीइतकेच रास्त देणे आहे. जिल्हा परिषद आणि नगरपरिषदांनी हे मनावर घ्यावे.

बेहड्याचा प्रयोग मोलाचा आहे, पण एका कंपनीच्या मागणीवर जिल्ह्याचे जंगल टिकणार नाही. कोकम, सुरंगीच्या कळ्या, शिकेकाई, हिरडा यांचा असाच हिशेब गावाला बसवावा लागेल. आणि गिऱ्हाईक इथेच, पुण्या-मुंबईत, तयार करावे लागेल.

शेवटी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कोकणी वाचकांना एक विनंती. यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा सामाईक जमिनीचा सातबारा काढून पाहा. डोंगराच्या गटावर तुमचे नाव असण्याचा संभव मोठा आहे. तोडीच्या संमतिपत्रावर सही मागायला कोणी आले तर आधी त्या डोंगरावर जाऊन या, बेहडा आणि हिरडा किती आहेत ते मोजा, झरा कुठून येतो ते पाहा. सही नाकारायची असेल तर मात्र गावात राहणाऱ्या भावाचा विचार आधी करा. राखण तोच करणार आहे, वणवा तोच विझवणार आहे. तोडीतून त्याला जे मिळाले असते, त्यातले थोडे तरी दरवर्षी त्याच्या हातात द्या.